पाण्यानं दाखवलेली वाट



काश्मिरी भाषेत तळ्याला ‘सर’ म्हणतात. विशनसर, किशनसर, गाडसर, सातसर. दिवसभर वर्गात ‘सर, सर’ ऐकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही नावं नकाशावर ओळीनं दिसली तेव्हा हसूच आलं. गाड म्हणजे मासा, म्हणून गाडसर म्हणजे माशांचं तळं. सातसर म्हणजे सात तळी, हे तर आपल्यालाही न सांगता कळतं.

तुम्हीही एकदा नकाशा उघडा. श्रीनगरच्या ईशान्येला सोनमर्ग सापडेल. तिथून पश्चिमेकडे सिंध नावाची नदी वाहते. (ही आपल्या पुस्तकातली मोठी सिंधू नव्हे. ही झेलमला मिळणारी छोटी नदी. मुलं इथं हमखास गोंधळतात.) या नदीच्या उत्तरेला हरमुख पर्वत आहे, उंची ५,१४२ मीटर. सोनमर्ग आणि हरमुख यांच्या मधल्या डोंगरांत साडेतीन हजार मीटरच्या वर निळे ठिपके दिसतील. ती ही तळी. ऑगस्टच्या शेवटी आम्ही बारा जण ती बघायला गेलो होतो. पाठीवर सॅक, तंबू घोड्यांवर, सात दिवस चाल, अंतर साधारण सत्तर किलोमीटर. सोनमर्गजवळच्या शितकडीहून चढायचं आणि नारानागला उतरायचं. दोन्ही टोकं सिंधच्याच खोऱ्यात येतात, त्यामुळे वाटेचा आकार घोड्याच्या नालेसारखा होतो. हा आकार लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता ‘वाट’ म्हटलं खरं, पण ती आपल्या गडावरच्या वाटेसारखी नाही. राजगडाला किंवा कळसूबाईला जाताना दगडावर बाण असतो, शिडी असते, ताकवाली मावशी असते. इथं पहिल्या दिवसाची भूर्जाची झाडं मागे पडली की नुसतं गवत. त्या गवतावर मेंढ्यांच्या खुरांनी पाडलेल्या वीस-पंचवीस रेघा, त्यातली कुठली आपली ते कळत नाही. काही ठिकाणी तर रेघसुद्धा नाही, नुसत्या शिळा. आमचा वाटाड्या गुज्जर होता, पन्नाशीच्या पुढचा. त्याला आम्ही चाचा म्हणायचो आणि मी शिक्षक आहे कळल्यापासून तो मला मास्टरजी म्हणायचा. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, इतक्या रेघांतून बरोबर रेघ ओळखता कशी? तो म्हणाला, “रास्ता तो बकरी भी बदल देती है मास्टरजी. आप पानी देखो.”

त्या वेळी मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं असेल.

आमच्यात एक दादा होते. पंचेचाळिशीतले, पुण्यात वाढलेले, मराठी तुमच्या-माझ्यासारखं बोलणारे. त्यांचं घराणं काश्मिरी पंडितांचं. १९९० मध्ये श्रीनगर सोडून आई-वडिलांबरोबर आले तेव्हा ते शाळेत होते. त्यांना तळी बघायची हौस फारशी नव्हती. त्यांना फक्त शेवटच्या तळ्याशी, गंगबलशी, पोचायचं होतं. काश्मिरी पंडितांसाठी गंगबल म्हणजे गंगाच. कल्हणाच्या राजतरंगिणीतही या तीर्थाचा उल्लेख येतो. भाद्रपदातल्या शुद्ध अष्टमीला तिथली यात्रा असे आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या अस्थी तिथं सोडत. दादांच्या आईच्या आजोबांच्या अस्थी तिथं सोडलेल्या. आई आता थकल्या आहेत, पुण्याबाहेर पडत नाहीत. त्यांनी मुलाला एकच काम सांगितलं होतं, तिथलं पाणी आण. दादांच्या सॅकच्या बाजूच्या जाळीत कोल्ड्रिंकची एक रिकामी बाटली होती, तिचं लेबल काढून ती घासून स्वच्छ केलेली. ती कशासाठी हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिला मुक्काम निचनाईला. शितकडी साधारण २,७०० मीटरवर आणि निचनाईचा तळ साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे एका दिवसात आठशे मीटर वर. संध्याकाळी दादांचं डोकं ठणकायला लागलं. जेवले नाहीत. रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले तर तोल जात होता.

इथं थोडं विज्ञान सांगतो, कारण यावर मुलं आणि मोठेही चुकीचं बोलतात. उंचावर ‘हवेत ऑक्सिजन कमी असतो’ असं आपण म्हणतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथंही तेवढंच, जवळपास २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. चार हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात हवाच कमी येते आणि तिच्याबरोबर ऑक्सिजनही. आमच्याजवळचं वेफर्सचं पाकीट फुग्यासारखं फुगलं होतं, तेही यामुळेच. पाणीसुद्धा तिथं ८७-८८ अंशांवर उकळतं, म्हणून डाळ शिजता शिजत नाही. शरीराला या दाबाची सवय व्हायला दिवस लागतात. कुणाला एक, कुणाला चार. यात कणखरपणाचा काही संबंध नाही. आमच्यातला रोज दहा किलोमीटर पळणारा मुलगा पहिल्या रात्री आडवा झाला होता आणि सकाळी उठून पोहे खात होता. दादा मात्र सकाळी अजून वाईट झाले होते.

दादांचं म्हणणं, “आज हळूहळू चालतो, खिंडीत गेलो की बरं वाटेल.” ट्रेकचा प्रमुख पंचविशीतला मुलगा, पण ठाम. तो म्हणाला, “सर, खिंडीच्या पलीकडे तुम्हाला त्रास झाला तर खाली आणायला आधी वर चढवावं लागेल.”

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. ही तळी कशी तयार झाली ते डोळ्यांसमोर आणा. हजारो वर्षांपूर्वी इथं हिमनद्या होत्या. डोंगराच्या कुशीत साठलेला बर्फ आपल्याच वजनानं सरकताना खालचा खडक खरवडत गेला आणि आरामखुर्चीसारखी खोलगट जागा तयार झाली. सरकताना आणलेली दगडमाती त्यानं तोंडाशी टाकली, तिचा बांध झाला. बर्फ वितळला, खळग्यात पाणी राहिलं, तेच तळं. म्हणजे तळ्याच्या तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला ओढा. विशनसरचा तो ओढा माणसांच्या वस्तीकडे लवकर जात नाही, तो उत्तरेला गुरेझच्या बाजूला जातो. सोनमर्गला परत यायचं तर चार हजार मीटरची निचनाई खिंड पुन्हा चढायची. आजारी माणसाला उपचार म्हणून खाली न्यायचं आणि त्यासाठीच आधी त्याला वर चढवायचं! म्हणून जो निर्णय घ्यायचा तो खिंडीच्या अलीकडे.

दादा काही बोलले नाहीत. सॅकच्या जाळीतली ती बाटली काढली आणि मला म्हणाले, “तू शिक्षक आहेस, विसरणार नाहीस. भरून आण.” मी हात पुढे करणार तेवढ्यात चाचा मध्ये आला. त्यानं काठीनं मातीत घोड्याची नाल काढली. एका टोकाला बोट ठेवून म्हणाला सोनमर्ग, दुसऱ्या टोकाला नारानाग. “गंगबल के दो दरवाज़े हैं. ये बंद हुआ तो उधर से आओ.” मग त्यानं दिवस मोजले. आज घोड्यावरून खाली. सोनमर्गला डॉक्टरांना दाखवायचं, पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबायचं. मग गाडीनं नारानाग. डॉक्टर हो म्हणाले तरच तिथून त्रुंडखोलच्या कुरणावर एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी तळं. आम्ही उलट्या बाजूनं त्याच संध्याकाळी तिथं पोचणार. बाटली दादांनी परत जाळीत खोचली. त्यांच्याबरोबर एक मदतनीस आणि घोडेवाला खाली गेले. फोनला रेंज नव्हती, पुढे तर नव्हतीच. चार दिवस आम्हाला त्यांचं काही कळणार नव्हतं.

खिंडीत पोचल्यावर चाचानं मला बोलावलं आणि पाय फाकून उभा राहिला. एक पाय मागे, एक पुढे. म्हणाला, इकडे पडलेला पाऊस सिंधला, तिकडे पडलेला किशनगंगेला. जलविभाजक ही संज्ञा मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा लिहिली आहे. ती एवढ्या थोडक्यात मला कुणी समजावली नव्हती.

तिथून पुढची वाट मी पाण्याच्या हिशोबानं बघायला लागलो. विशनसर साधारण ३,७०० मीटरवर, त्याच्या वरच्या अंगाला किशनसर. वरच्या तळ्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं ओढ्यात, आणि हीच किशनगंगा. आपण मुलांना नदीचा उगम म्हणून नकाशावर एक ठिपका दाखवतो. प्रत्यक्षात उगम हा ठिपका नसतोच. पायाखालच्या ओल्या गवतातून, दगडांच्या फटींतून, बर्फाच्या ढिगाखालून शंभर ठिकाणांहून पाणी येत असतं. तळ्याचा रंग मात्र चित्रात काढला तर मुलं खोटं म्हणतील असा, निळा-हिरवा. बर्फानं खडक घासून केलेली बारीक पूड पाण्यात तरंगते, प्रकाश तिच्यावर विखुरतो, त्यामुळे हिमनदीचं पाणी येणाऱ्या तळ्यांना असा रंग येतो. त्या पाण्यात ट्राउट मासे आहेत. ते इथले नव्हेत. साधारण १९०० च्या सुमारास इंग्रजांनी विलायतेतून आणून काश्मीरच्या पाण्यात सोडले.

गाडसरची खिंड सगळ्यांत उंच, ४,२०० मीटरच्या जवळपास. तिच्याबद्दल लोक फार लिहितात, मी लिहीत नाही. दम लागतो, थांबायचं, पुन्हा चालायचं, संपलं. तिथं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावणारे दोघं भेटले. दमलेल्या माणसाला एवढा उत्साह कुठून येतो कोण जाणे. पलीकडच्या उतारावर फुलं होती, निळी, पिवळी, जांभळी. नावं विचारत बसलो तर संध्याकाळ झाली असती.

पुढच्या दरीत ढोक लागले. ढोक म्हणजे गुज्जर आणि बकरवाल लोकांची उन्हाळ्यातली घरं, दगड, लाकूड आणि माती रचून केलेली. जम्मूकडच्या राजौरी-पूंछ भागातून बकरवाल आपल्या शेळ्यामेंढ्या घेऊन दर उन्हाळ्यात डोंगर ओलांडून वर येतात आणि थंडीपूर्वी परत जातात. पश्चिम महाराष्ट्रातले धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात ना, तसंच. एका ढोकात आम्हाला मिठाचा चहा मिळाला. तिथली एक सात-आठ वर्षांची मुलगी माझ्या वहीत बघत होती. मी पेन दिलं तर तिनं सरळ स्वतःचं नाव उर्दूत लिहून दाखवलं. उन्हाळ्यात या मुलांबरोबर वर येणाऱ्या फिरत्या शाळाही आहेत, असं चाचा म्हणाला. शाळेला पाय असतात हे मला फार आवडलं.

वाटेत सैन्याच्या चौक्या लागतात. ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव लिहायचं. नियंत्रण रेषा या डोंगरांपासून फार लांब नाही. विशनसरहून निघालेली किशनगंगा गुरेझमधून पुढे ती रेषा ओलांडते आणि पलीकडे तिला नीलम म्हणतात.

सातसरनंतरचा दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतो. झाज खिंडीच्या आधी शिळांचा पट्टा आहे. पाट्या-वरवंट्यापासून ते बैलगाडीएवढ्या शिळा, एकावर एक पडलेल्या, मध्ये माती नाही. इथं वाट असूच शकत नाही. आधी गेलेल्यांनी दगडावर दगड ठेवून खुणेच्या चळती केलेल्या असतात, त्यावर नजर ठेवून चालायचं. आम्ही निम्म्यावर असताना ढग उतरले. पाच मिनिटांत पुढच्या माणसाची सॅक दिसेना. चळती तर नाहीच.

चाचानं सगळ्यांना खाली बसवलं. कुणी बोलायचं नाही म्हणाला. आधी वाटलं, घाबरू नये म्हणून सांगतोय. मग लक्षात आलं, तो ऐकतोय. शिळांच्या खालून पाणी वाहत होतं. दिसत कुठंच नव्हतं, पण पायाखाली खळखळ चालू होती. मला जवळ बसवून हलक्या आवाजात म्हणाला, आवाज डावीकडे मोठा आहे, म्हणजे नाळ तिकडे. नाळेत शिळा मोठ्या आणि ओल्या, पाय अडकतो. आवाज डाव्या हाताला ठेवून चढत राहायचं. आवाज बारीक होत जाईल. जिथं थांबेल, तिथं पाण्याची सुरुवात संपली, म्हणजे खिंड जवळ. ढग थोडा विरळ झाल्यावर आम्ही निघालो. प्रत्येकानं पुढच्याच्या सॅकचा पट्टा बघायचा. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी होती, ती मोठ्यानं पावलं मोजत होती. सहाशेनंतर तिनं मोजणं सोडलं. आवाज खरोखरच बारीक होत गेला. मग पायाखाली गवत लागलं आणि पाणी ऐकू येईना.

खिंडीतून ढग फाटला तेव्हा खाली दोन तळी दिसली. मोठं गंगबल, धाकटं नुंदकोल, आणि मागे हरमुखची काळी भिंत, तिच्यावरून लोंबणारी हिमनदी. आमच्यापैकी कुणी फोटो काढायच्या आधी एकच शोधत होतं, नारानागच्या बाजूनं कुणी माणूस येतोय का. कुणी नव्हतं.

नुंदकोलच्या काठी तंबू लावले. तीन वाजले, चार वाजले. वेळ घालवायला मी त्या कॉलेजच्या मुलीला हरमुखची गोष्ट सांगितली. तुम्हीही वर्गात सांगा, मुलांना आवडते. १८५६ मध्ये थॉमस माँटगोमेरी नावाच्या सर्वेक्षण अधिकाऱ्यानं या हरमुखवरून दुर्बिणीतून दोनशे किलोमीटरपलीकडची शिखरं टिपली. काराकोरमचा के घेऊन एकाला के-१ लिहिलं, दुसऱ्याला के-२. के-१ चं पुढे स्थानिक नाव मिळालं, माशेरब्रुम. के-२ तसंच राहिलं. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराला मिळालेलं नाव म्हणजे इथं वहीत केलेली नोंद!

साडेपाचला चाचा उठून उभा राहिला. ओढ्याच्या कडेनं दोन माणसं येत होती, मागे घोडा. पुढचा माणूस दहा पावलं चालून थांबत होता. घोड्यावर का बसला नाहीत असं मी नंतर विचारलं, तर दादा म्हणाले, “आईला सांगायचंय, चालत गेलो म्हणून.” सोनमर्गला दोन दिवस झोपून काढले, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, डोकेदुखी पूर्ण गेल्यावरच निघाले. चेहरा उतरलेला होता, पण रात्री वरण-भात पोटभर जेवले.

जेवणानंतर त्यांनी त्यांच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट सांगितली. एक साधू बारा वर्षं हरमुख चढत होता. दिवसभर चढायचा, पण सकाळी पाहावं तर जिथून निघाला तिथंच. एक दिवस वरून एक गुज्जर मेंढपाळ उतरताना दिसला. साधूनं विचारलं, वर काय पाहिलंस? तो म्हणाला, काही नाही, मेंढी शोधत गेलो होतो. वर एक नवराबायको गाय पिळून कवटीतून दूध पीत होती. मलाही देत होती. मी प्यायलो नाही, त्यांनी माझ्या कपाळाला लावलं. साधू धावला आणि त्यानं ते दूध चाटलं. त्याला मुक्ती मिळाली. मेंढपाळ बघत राहिला. चाचानं ही गोष्ट शेवटपर्यंत मान हलवत ऐकली आणि म्हणाला, “मेंढी मिली कि नहीं, ये किसी ने नहीं बताया.” दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सकाळी दादा एकटेच गंगबलला गेले. आम्ही मागून गेलो आणि लांब बसलो. त्यांनी बूट काढले, पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले, बाटली भरली, झाकण लावलं, उलटी धरून गळते का बघितलं.

चाचा माझ्याशेजारी बसून होता. मी त्याला विचारलं, हे पाणी सिंधला आणि विशनसरचं किशनगंगेला, म्हणजे दोघांची ताटातूटच ना? त्यानं मान हलवली. गंगबलचं पाणी नुंदकोलमधून वांगथच्या ओढ्यानं सिंधला मिळतं, सिंध शादीपूरला झेलमला. झेलम वुलर सरोवरातून, बारामुल्ला-उरीवरून पुढे जाते. किशनगंगा वेगळ्या डोंगराला वळसा घालून येते. आणि मुझफ्फराबादला दोन्ही नद्या पुन्हा एकमेकींना भेटतात. घरी येऊन नकाशावर बोट फिरवून पाहिलं, तसंच आहे. शिवाय आता गुरेझच्या धरणातून किशनगंगेचं काही पाणी तेवीस किलोमीटरच्या बोगद्यातून वीज करण्यासाठी वळवतात, ते वुलरलाच येतं. म्हणजे त्या पाण्याची भेट तर अलीकडेच होते. चाचा मुझफ्फराबादला कधी गेलेला नाही. त्याच्या आत्याचं सासर तिकडे होतं एवढंच तो म्हणाला.

नारानागची उतरण गुडघ्यांची परीक्षा बघते. खाली आठव्या शतकातल्या ललितादित्य राजाशी जोडली जाणारी मंदिरं आहेत, भग्न, पण दगड बघत राहावे असे, आणि शेजारी झऱ्याचं कुंड. तिथं दादांनी बाटलीवर टेप गुंडाळली आणि ती दोन टॉवेलांत बांधली. विमानतळावर ती हातातल्या पिशवीत नेता येणार नव्हती, म्हणून सामानाच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. एक थेंबही सांडला नव्हता. आईंनी निम्मं पाणी तांब्याच्या गडूत ओतून देवाजवळ ठेवलं होतं आणि उरलेलं चमचा-चमचा पुण्यातल्या नातेवाइकांना वाटायला काढलं होतं. कुणाकुणाला द्यायचं त्याची यादी दादांच्या मुलीनं मराठीत लिहिली होती.